पारदर्शक नागरिक, अपारदर्शक शासन

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने दोन गोष्टी केल्या. पैकी एकीचा बराच गाजावाजा झाला, दुसरी निमूटपणे पार पडली. महिन्याच्या अखेरीस दूरसंचार विभागाने मोबाईल बनविणाऱ्या कंपन्यांना असा आदेश दिला की, विक्रीस येणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच बसविलेले असावे आणि त्याचे काम बंद पाडता येऊ नये. चोरीचे व बनावट मोबाईल ओळखणे आणि त्यांवरून होणारी फसवणूक रोखणे हा आदेशाचा सांगितलेला हेतू होता. आदेश बाहेर येताच टीकेची झोड उठली. हे ॲप काढून टाकता येईल, असा खुलासा मंत्रिमहोदयांना करावा लागला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. लोक जागे असले म्हणजे सरकारला माघार घ्यावी लागते हे यातून दिसले. त्याबद्दल समाधान मानण्यास हरकत नाही.

परंतु त्याच महिन्याच्या मध्यास ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३’ याचे नियम प्रसिद्ध झाले, आणि त्यासोबत या अधिनियमाचे एक छोटेसे उपकलम अमलात आले. नागरिकाला संरक्षण देणारी या कायद्यातील मुख्य कलमे अठरा महिन्यांनंतर लागू व्हावीत असे ठरले. हे उपकलम मात्र तत्काळ लागू झाले. त्याचा क्रमांक ४४ (३). माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद त्याने छाटून टाकली. या गोष्टीवर संसदेत वा रस्त्यावर फारसे वादळ उठले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दोहोंतील अधिक गंभीर गोष्ट हीच होती. कारण खासगीपणाचा जो हक्क नागरिकाने शासनाविरुद्ध झगडून मिळविला, तोच आता शासनाच्या हाती नागरिकाविरुद्धची ढाल म्हणून गेला आहे.

हे म्हणणे नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाचा एक इसम होता. १९४१ साली त्याच्यावर दरोड्याचा आरोप आला आणि पुराव्याअभावी तो सुटला. तरीही पोलिसांनी त्याचे नाव आपल्या नोंदवहीत ठेवले. रात्री-अपरात्री पोलीस त्याचे दार ठोठावीत, गावाबाहेर जाताना त्याला वर्दी द्यावी लागे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरविल्या, पण खासगीपणा हा स्वतंत्र मूलभूत हक्क आहे असे मानण्यास बहुमताने नकार दिला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्या वेळी वेगळा सूर काढला होता. तो पुढे चोपन्न वर्षांनी खरा ठरला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाच्या स्वातंत्र्याच्या विरोधात कौल देणाऱ्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. तो निर्णय चुकीचा होता, असे २०१७ च्या निकालपत्रात त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. न्यायसंस्थेच्या इतिहासात असे प्रसंग विरळाच.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा हक्क देण्यास केंद्र सरकार उत्सुक नव्हते. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असा युक्तिवाद २०१५ साली सरकारच्याच वतीने न्यायालयात करण्यात आला होता, आणि म्हणूनच हा प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे गेला. तो वाद ज्या योजनेतून उद्भवला तिचा आरंभ महाराष्ट्रात झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिला आधार क्रमांक देण्यात आला. टेंभलीच्या लोकांनी आपल्या बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची छायाचित्रे दिली, त्या वेळी या योजनेला संसदेच्या कायद्याचा आधार नव्हता. तो कायदा २०१६ साली आला, आणि तोही धनविधेयक म्हणून. म्हणजे राज्यसभेला तो अडविण्याचा अधिकार राहू नये अशा बेताने. यंत्र आधी आणि कायदा मागाहून, असा हा क्रम आहे. तंत्रज्ञानाच्या बाबतीत आपल्याकडे तो जणू रीत होऊन बसला आहे.

यंत्राला विरोध करण्याचे काही कारण नाही. पूर्वीही शासनाजवळ नागरिकाची माहिती होतीच. जमिनीची नोंद तलाठ्याकडे, जन्माची ग्रामपंचायतीत, शिक्षणाची शाळेच्या जनरल रजिस्टरात, आजाराची दवाखान्याच्या केसपेपरावर आणि पैशाची बँकेच्या खातेवहीत असे. ही दप्तरे एकमेकांस अनोळखी होती. त्यामुळे कामे रखडत हे खरे. परंतु एका माणसाचे सारे आयुष्य एका टेबलावर मांडण्याची सोय कोणाकडे नव्हती. हा विस्कळीतपणा कोणी हेतुपुरस्सर निर्माण केला नव्हता, तरी तोच सामान्य माणसाचे संरक्षण होता. बारा आकड्यांच्या एका क्रमांकाने ही दप्तरे जोडली जाऊ लागली, तेव्हा ते संरक्षण नाहीसे झाले. त्याच्या जागी कायद्याचे संरक्षण उभे करणे हे शासनाचे कर्तव्य होते.

२०२३ चा कायदा हे कर्तव्य पार पाडतो काय? खासगी कंपन्यांच्या बाबतीत तो काही प्रमाणात पाडतो. शासनाच्या बाबतीत मात्र त्याचे कलम १७ (२) केंद्र सरकारला असा अधिकार देते की, देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून वगळावे. कायदा मोडला की नाही हे ठरविणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष व सदस्यही केंद्र सरकारच नेमणार. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली पहिला मसुदा दिला होता. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारे ते हेच श्रीकृष्ण. पुढे सरकारने मसुद्यात स्वतःसाठी जी सवलत घालून घेतली तिच्यावर त्यांनी उघडपणे कडक टीका केली. ती सवलत कायम राहिली.

सुरक्षिततेच्या नावाने दिलेली सूट कशी वापरली जाते, हे दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या पद्धतीवरून कळते. १८८५ च्या तार कायद्याखाली हा अधिकार सरकारकडे आला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर काही बंधने घातली. परंतु आदेश देणारे गृह सचिव आणि ते आदेश तपासणाऱ्या समितीतही सचिवच, अशी व्यवस्था राहिली. न्यायाधीशाला त्यात कोठेही स्थान नाही. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही हे स्वरूप बदललेले नाही. ही तपासणी किती खरी असते? श्रीकृष्ण समितीच्या अहवालात नमूद आहे की, दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तपासणीसाठी येतात. दिवसभर बसले तरी एका आदेशाला दोन सेकंदही मिळणार नाहीत. याला तपासणी म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. ‘पेगासस’ प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या समितीला सरकारने सहकार्य केले नाही, असे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले. त्याचेही पुढे काही झाले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. शासन नागरिकाकडे पाहते, तसे नागरिकानेही शासनाकडे पाहावे यासाठी माहितीच्या अधिकाराचा कायदा होता. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या भरविल्या. तेथे सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले जात, आणि ज्यांच्या नावे मजुरी उचलली गेली ते लोक ‘आम्ही या कामावर गेलोच नाही’ असे उभे राहून सांगत. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ साली, असा कायदा केला. त्यासाठी अण्णा हजारे यांना आंदोलने करावी लागली. मुंबईच्या ‘आदर्श’ सोसायटीचे प्रकरण उघडकीस येण्यात माहितीच्या अधिकारातून मिळालेल्या कागदपत्रांचा मोठा वाटा होता. २०१० साली त्यापायी मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. हजेरीपटावर नावे असतात, सदनिकाधारकांच्या यादीत नावे असतात, देयकावर ठेकेदाराचे नाव आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याची सही असते. नावे खोडून टाकली तर भ्रष्टाचाराचा पुरावा उरत नाही. उरते ती केवळ आकडेवारी.

२००५ च्या कायद्याला खासगीपणाची जाण नव्हती असेही नाही. कलम ८ (१) (ञ) प्रमाणे ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, अथवा जी दिल्याने एखाद्याच्या खासगी जीवनात अकारण ढवळाढवळ होईल, ती नाकारता येत असे; मात्र व्यापक जनहित असेल तर ती देता येई. शिवाय जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही नागरिकाला नाकारता येणार नाही, असे बाणेदार वाक्य त्यात होते. दुरुस्तीने हे सारे गेले. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढे म्हणणे नकारासाठी पुरेसे आहे.

सरकारचे यावरील उत्तर विचारात घेतले पाहिजे. ते असे की, खासगीपणा मूलभूत हक्क ठरल्यावर कायद्यात तसा बदल करणे भाग होते, आणि जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८ (२) मध्ये शाबूत आहे. उत्तराचा पूर्वार्ध अगदीच निराधार नाही. माहितीचा अर्ज करून कर्मचाऱ्याला छळणारे लोक असतात. शेजाऱ्याच्या किंवा भाऊबंदाच्या रजेची नि पगाराची चौकशी करणारेही असतात. परंतु त्यांना अडविण्यास जुने कलम समर्थ होते, आणि २०१२ च्या एका निकालानंतर तर अधिकाऱ्याची मालमत्ता व त्याच्यावरील शिस्तभंगाची कारवाई याही गोष्टी वैयक्तिक म्हणून नाकारल्या जात होत्या. राहिला उत्तरार्ध. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंधित माहिती मुळात अपवादात बसतच नव्हती. आता नाव असलेला प्रत्येक कागद आधी अपवादात जातो आणि त्याला बाहेर काढण्यासाठी नागरिकाला जनहिताची तराजू घेऊन कार्यालयाच्या दारी उभे राहावे लागते. कलम ८ (२) म्हणते की कार्यालय माहिती देऊ ‘शकेल’. दिलीच पाहिजे असे ते म्हणत नाही.

कचेरीत काम केलेल्या कोणालाही याचा परिणाम सांगावा लागणार नाही. माहिती विनाकारण नाकारली तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजारांपर्यंत दंड. नव्या कायद्यात वैयक्तिक माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास संस्थेला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद. या दोहोंच्या मध्ये बसलेला प्रामाणिक कर्मचारीही फाईल बंद ठेवणेच शहाणपणाचे समजेल. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि याच काळात नागरिकाकडून काय मागितले जाते? शाळेतील मुलांसाठी आधारशी जोडलेला ‘अपार’ क्रमांक काढण्यात आला. तो ऐच्छिक आहे असे सरकार सांगते. पण पालकांची संमतीपत्रे गोळा करून टक्केवारी भरून काढण्याचे काम शिक्षकांच्या गळ्यात पडले. ज्या संमतीचे उद्दिष्ट ठरवून दिले जाते, तिला संमती म्हणावे काय, हा प्रश्न शिक्षकांनीच विचारावयास हवा. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुराचा ठसा रेशन दुकानातील यंत्रावर उमटत नाही, तेव्हा त्याने आपण आपणच आहोत हे सिद्ध करावयाचे असते. परंतु आपल्या वाट्याचे धान्य कोणाच्या नावावर गेले हे त्याने विचारले, तर ती आता दुसऱ्याची वैयक्तिक बाब ठरू शकते.

यावर उपाय अवघड नाहीत. जुने कलम ८ (१) (ञ) जसेच्या तसे परत आणावे. दूरध्वनी ऐकण्याच्या आदेशाला न्यायाधीशाची पूर्वसंमती लागावी, आणि निकडीच्या प्रसंगी ती निदान काही दिवसांत घेतली जावी. माहिती संरक्षण मंडळाच्या नेमणुकांत एकट्या केंद्र सरकारचा शब्द अखेरचा नसावा. कोणतीही नवी यंत्रणा कायदा झाल्याखेरीज लोकांवर लादू नये. यांपैकी एकाही गोष्टीने देशाची सुरक्षितता धोक्यात येत नाही, की सरकारी योजनांतील गळती वाढत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये लोकांनी आपल्या खिशातील मोबाईलसाठी आवाज उठविला, कारण तो धोका हातात धरता येण्याजोगा होता. सरकारी कपाटातील कागद दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी ओरडले नाही. खासगीपणा हा दुर्बळाचा हक्क आहे. सत्तेच्या वाट्याला येते ते उत्तरदायित्व. टेंभलीच्या माणसाने २०१० साली शासनाला आपली बोटे आणि आपले डोळे दिले. त्याच्या बदल्यात गावच्या रस्त्याचे देयक कोणाच्या सहीने निघाले एवढे तरी पाहण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहिला पाहिजे.