आधी पाइप, मग टाइल्स

वडिलोपार्जित घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न होता, "टाइल्स कुठल्या?" पाइपांचं कुणीच विचारलं नाही. भिंत फोडली तर जुना लोखंडी पाइप आतून गंजलेला. पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली. माडीवर पाणी चढत नाही म्हणून अम्मी वर्षानुवर्षं बादली घेऊन जिना चढत होती आणि आम्ही दाब कमी आहे म्हणत बसलो होतो.

माझं मत असं, की पैसा कमी असेल तर टाइल्स साध्या घ्या, पाइप नको. टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल, तेव्हा कुठे चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब मिळतो. आमची टाकी माडीच्या नळापेक्षा जेमतेम 3 मीटर वर. मग पाइप तरी मोठा हवा. एक इंची पाइपाचं तोंड अर्ध्या इंचीच्या चौपट असतं. म्हणून टाकीतून एक इंची उतरवला, फाटे पाऊण इंची आणि अर्धा इंची फक्त नळाजवळ. प्रत्येक न्हाणीघराला वेगळा व्हॉल्व्ह. गिलाव्याआधी दाब देऊन गळती तपासली, भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवले.

अब्बांना वाकता येत नाही. त्यांच्या वजूसाठी बसून हात पोचेल असा नळही तेव्हाच ठरवला. नंतर टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या.

आमच्या टाइल्सचं कौतुक कुणी करत नाही. न करो. अम्मी आता जिना रिकाम्या हातांनी चढते.