होल्डॉल : बाथमध्ये टब कशाला?

रविवारी रात्री रेडिंगहून लेकीचा फोन. "बाबा, बाथला जायचं नक्की. तीन रात्री. फक्त कॉटेज ठरत नाहीये." पाठोपाठ सात लिंका येऊन पडल्या. सातही जाहिरातींत पहिला फोटो एकच म्हणावा इतका सारखा: लाकडी ओटा, त्यावर वाफाळणारा गोल टब, टबाच्या काठावर दोन उंच दांड्याचे पेले आणि आत कोणीही नाही. घर चौथ्या-पाचव्या फोटोत. गाव कुठेच नाही.

"हे बाथपासून किती लांब गं?" तर एक अकरा मैल, एक सतरा, आणि एकाचा पत्ता चक्क शेजारच्या परगण्यातला. "मग गावातलंच घे की." "गावात हॉट टबवालं मिळत नाही, बाबा."

जुन्या वाचकांना आठवत असेल, गुहागरच्या समुद्रापासून दोनशे पावलांवर स्विमिंग पूलवाला होमस्टे शोधणाऱ्यांवर मी याच जागी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाने मला खडूस म्हटलं, तेही छापलं. तेव्हा वाटलं होतं, ही खोड आपल्या शनिवार-रविवारवाल्यांची. आता ती माझ्याच घरात निघाली, आणि तीसुद्धा ज्या गावाचं नावच मुळी आंघोळ आहे त्या गावाला जाताना. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर तर 'बाथ स्पा' असं लिहिलेलं आहे. म्हण तुमच्या ओठांवर आलीच असेल, तेव्हा मी लिहीत नाही.

आधी हिशेब मांडू. बाथच्या ऐन मध्यात, रोमन स्नानगृहापाशी, जमिनीतून रोज ११ लाख ७० हजार लिटर पाणी वर येतं. तापमान ४६ अंश. मेंडिपच्या टेकड्यांवर कधीकाळी पडलेला पाऊस चुनखडीतून झिरपत काही हजार मीटर खाली उतरतो, तिथे तापतो आणि भेगांतून थेट गावाखाली येऊन उसळतो. इतकं गरम झऱ्याचं पाणी ब्रिटनमध्ये दुसरीकडे नाही. बटण नाही, बिल नाही.

आता टब. भाड्याच्या घरातला लहानसा टब हजारेक लिटरचा धरा. घरातल्या साध्या प्लगवर चालणारा असेल तर त्याचा हीटर साधारण दोन किलोवॉटचा. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ युनिट वीज लागते. म्हणजे तासाला फार तर पावणेदोन अंश. नळाचं १० अंशांचं पाणी ३८ वर न्यायला सोळा-सतरा तास. आधीचे पाहुणे सकाळी दहाला निघतात, तुम्ही दुपारी चारला पोचता. मधल्या सहा तासांत टब रिकामा करून, घासून, पुन्हा भरायचा असतो, कारण कोमट फेसाळ पाण्यात लीजनेला नावाचा जिवाणू सुखाने नांदतो. तिथल्या सरकारने तेवढ्यासाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना काढून ठेवल्या आहेत. मोठा हीटर असेल किंवा गरम पाणीच भरलं असेल तर गोष्ट वेगळी; नाहीतर पहिल्या संध्याकाळी टब वाफाळताना दिसला म्हणून हुरळू नका, पाणी कधी बदललं ते विचारा. झऱ्याखाली हाच टब धरला असता तर सव्वा मिनिटात भरला असता, आणि गार व्हायची वाट बघावी लागली असती.

गंमत म्हणजे जकुझी हे आडनाव आहे. इटलीहून कॅलिफोर्नियात गेलेलं, पंप बनवणारं कुटुंब. घरातल्या एका मुलाला संधिवात होता, त्याच्यासाठी त्यांनी १९५०च्या दशकात टबात सोडायचा पंप काढला. पुढे १९६८ साली रॉय जकुझीने पंप टबातच बसवून तो विकायला आणला. नाव काय ठेवलं? 'रोमन बाथ'.

रोमनांनी यातलं काय ओळखलं असतं, कोण जाणे. फसफसणारं पाणी कदाचित ओळखलं असतं. रिकामा ओटा आणि दोन पेले बघून मात्र ते बुचकळ्यात पडले असते, की बाकीचे लोक गेले कुठे? त्यांची आंघोळ म्हणजे बाजार होता. अंगाला तेल, मग वाकड्या पात्याच्या खरवडणीने मळ काढणं (आपण उटण्याने काढतो), कोमट खोली, गरम खोली आणि मग शिशाचे पत्रे मारलेलं १.६ मीटर खोल मोठं कुंड. सगळं चारचौघांत. आणि चारचौघांत म्हटल्यावर जे होतं तेच व्हायचं: कपडे चोरीला जायचे.

याचा पुरावा त्या गरम झऱ्याच्या तळाशी सापडला आहे, आणि मला विचाराल तर बाथमध्ये बघण्यासारखं पहिलं तेच. शिशाचे नि शिसे-कथलाच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे, सुमारे १३०. त्यांवर लॅटिनमध्ये शापवाणी कोरून, गुंडाळून ते झऱ्यात टाकलेले. पत्ता सुलिस मिनर्व्हा देवीचा. सोलिनस नावाच्या माणसाचा आंघोळीचा अंगरखा नि वरचा झगा गेला, त्याची तक्रार आहे. डोसिलियानसची टोपीवाली कांबळ गेली. डोसिमेडिसचे फक्त दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे दोन्ही जावोत असं त्याने देवीला सांगितलं आहे. चोर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा मोकळा, पळवाट राहू नये म्हणून सगळी कलमं घातलेली. आजचा पाहुणा पाच ताऱ्यांतला एक देऊन मोकळा होतो. त्या लोकांचा देवीवर आणि शेजाऱ्यावर, दोघांवरही जास्त विश्वास होता. चोर बहुधा आपल्याच बाजूला भिजतोय, हेही त्यांना माहीत असणार.

अठराव्या शतकात गाव पुन्हा भरलं तेही याच पाण्याभोवती आणि याच रीतीने. बो नॅश नावाच्या जुगारी गृहस्थाने गावाचा शिष्टाचार हातात घेतला, तलवारी बांधून फिरायला बंदी केली, आणि सरदारापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना एका नाचघरात आणलं. टबालाही नियम असतातच. लेकीने पाठवलेल्या एका घराचे मी वाचले: आधी शॉवर घ्या, अंगाला रापाचं मलम लावून उतरू नका, चमकी नको, रात्री दहानंतर आवाज नको आणि काचेचे पेले टबाजवळ अजिबात नकोत. फोटोतले ते दोन पेले मग कुणाचे?

माझा एक दावा आहे, पुरावा मागू नका. शोधताना 'हॉट टब' या चौकटीत टिक मारली की गाव यादीतून आपोआप गळतं. बाथमध्ये संरक्षित इमारतीच जवळपास पाच हजार. दगडी घरं एकमेकांना खेटून, मागचं अंगण खाटेएवढं. तिथे टब ठेवणार कुठे? टिक मारणाऱ्याला मग शेताच्या मधोमध नूतनीकरण केलेलं धान्याचं कोठार मिळतं. तिथून गावात जायला गाडी, गाडी लावायला जागा, जागेसाठी भांडण. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी म्हणतं, "आज इथेच बसू या की." बाथचं प्रसिद्ध रॉयल क्रेसेंट पोस्टकार्डावर बघून घरी. यात एकट्या इंग्रजांनाच नावं ठेवायला नकोत. दापोलीजवळ उन्हवऱ्याला गंधकाचं कढत पाणी फुकट वाहतंय, आणि त्याच दापोलीकडे जाताना आपण फोनवर विचारतो, "जकुझी आहे का?"

लेकीला हे सगळं ऐकवलं. शांतपणे ऐकून घेऊन ती म्हणाली, "बाबा, रोमन कुंडात तुम्हाला पाय तरी घालू देतात का?"

नाही देत. १९७८ साली याच झऱ्यांच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी पाण्यातल्या अमीबाने झालेल्या मेंदूज्वराने दगावली, तेव्हापासून ते हिरवं पाणी फक्त बघायचं. पुढे खोल विंधणं घेऊन शुद्ध पाणी काढलं आणि त्यावर थर्मी बाथ स्पा उभं राहिलं. तेही आपल्या वळणावर: ऑगस्ट २००३ मध्ये पाव्हारोत्तीसह तिघा प्रख्यात गायकांना बोलावून त्याचा सोहळा झाला, आणि पाण्यात पाय बुडवायला लोकांना २००६ चा ऑगस्ट उजाडला. खर्च तिपटीच्या वर. पण झालं ते झकास. गच्चीवरच्या तलावात गळ्यापर्यंत बुडून समोर ॲबीचा मनोरा बघायचा, आणि शेजारी बारा अनोळखी माणसं.

"तेच सांगतोय मी," म्हटलं, "थर्मी!"

"तिथे सोळा वर्षांखालच्यांना घेत नाहीत. तुमची नात नऊ वर्षांची आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन हजार वर्षांचं सार्वजनिक स्नान आणि त्यात एका पोराला शिरायची सोय नाही, हे मी धरलंच नव्हतं. नातीला पाणी हवंय, ते कुठल्या देवीचं याच्याशी तिला कर्तव्य नाही.

तेव्हा ठरलं ते असं. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनजवळ घर घेतलंय, टबासकट. स्टेशन चालत गाठता येतं आणि तिथून बाथ पाव तासावर. गाडी काढायची नाही, ही माझी अट मान्य झाली. शनिवारी संध्याकाळी लेक, जावई आणि नात टबात, आम्ही दोघं थर्मीच्या गच्चीवर. हातमोजे घरी ठेवून जाईन.

घरमालकाला मी एकच प्रश्न लिहून पाठवला आहे: दोन पाहुण्यांच्या मधे पाणी बदलता का? मंगळवारी पाठवला. आज शुक्रवार. उत्तर नाही.