कौल, वचन आणि वाचन

‘प्रभूने मला दाखवले’ एवढे म्हटले की मराठी ख्रिस्ती घरात सहसा चर्चा उरत नाही. नोकरी, लग्न, घर, प्रवास, निर्णय कशाचाही असो. हे शब्द ज्याने आधी उच्चारले त्याची बाजू देवाची ठरते आणि इतरांची अविश्वासाची. रोजच्या निर्णयांत देवाचे मार्गदर्शन मागणे हा ख्रिस्ती जीवनाचा गाभा आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ते मार्गदर्शन मिळवण्याच्या एका रूढ रीतीविषयी. आणि ती मी श्रद्धावंत म्हणून जितकी करतो तितकीच वाचक म्हणूनही करतो.

माझ्या मावसबहिणीला पुढील शिक्षणासाठी परगावी जायचे होते. प्रवेश मिळाला होता, पैशांची सोयही झाली होती. घरातील ज्येष्ठांनी प्रार्थना केली, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडले आणि पानावर बोट ठेवले. बोट पडले उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायावर. मिसरात जाऊ नकोस, याच देशात राहा, असे तेथे देव इसहाकाला सांगतो. बहीण राहिली. त्याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला आपला देश आणि बापाचे घर सोडून निघायला सांगतो. बोट थोडी पाने अलीकडे पडले असते, तर तीच मुलगी त्याच देवाच्या आज्ञेने परगावी गेली असती. आज ती पन्नाशीत आहे. ‘देवाची इच्छा’ असे म्हणते. पण तो विषय निघाला की उठून आत जाते.

आपण वर्गात ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा’ असा प्रश्न घालतो. वक्ता कोण, श्रोता कोण, प्रसंग कोणता, हे न सांगता ओळीचा अर्थ लावणाऱ्या विद्यार्थ्याला गुण देत नाही. इसहाकाला ती आज्ञा झाली तेव्हा देशात दुष्काळ पडला होता. हा प्रसंग बाजूला सारून त्या वचनातून एका मुलीच्या प्रवेशाचा निकाल काढणे, हे वाचनच नव्हे. ज्या ग्रंथाला आपण देवाचे वचन मानतो, त्याला पाठ्यपुस्तकातील कवितेइतकाही मान आपण देत नाही.

कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेला कौल लावतात. त्याला अंधश्रद्धा म्हणण्यात आपली व्यासपीठे कधी मागे राहिली नाहीत. परंतु कौल निदान चारचौघांत लावला जातो. फूल उजवीकडून पडले की डावीकडून, हे जमलेल्या सर्वांना दिसते. एकाच्या अंतःकरणात उमटलेला आवाज मात्र दुसऱ्या कोणालाही तपासता येत नाही. आणि घरात तो आवाज बहुधा त्यालाच ऐकू येतो, ज्याचा शब्द एरवीही चालतो.

यावर ऑगस्टीनचा दाखला दिला जातो. मिलानच्या बागेत, इसवी सन 386 मध्ये, त्याने पौलाचे पत्र असेच उघडले आणि त्याचे आयुष्य बदलले, हे खरे. परंतु त्या क्षणामागे कित्येक वर्षांचे वाचन, वाद आणि आत्मपरीक्षण उभे होते. शिवाय पुढे यानुआरिउसला लिहिलेल्या पत्रात याच ऑगस्टीनने, ऐहिक व्यवहारांसाठी शुभवर्तमानाची पाने उघडून कौल घेण्याची रीत आपल्याला रुचत नाही, असे स्पष्ट नोंदवले आहे.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर पंडिता रमाबाईंचा घ्यावा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर ज्या धर्मभगिनींनी त्यांना आधार दिला, त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून मतभेद मांडले. चर्चचा अधिकार मोठा की स्वतःची विवेकबुद्धी, हा त्या वादाचा एक मुख्य मुद्दा होता. केडगावचे मुक्ती सदन त्यांनी प्रार्थनेच्या भरवशावर चालवले, हे सर्व प्रवचनकार सांगतात. देवाचे म्हणणे नीट कळावे म्हणून त्याच बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक व्याकरणाशी झटत बसल्या, अख्ख्या बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी केले आणि ते 1922 मधील त्यांच्या निधनानंतर छापून पूर्ण झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. प्रार्थनेने अभ्यास टळतो असे त्यांना वाटले असते, तर डोळे मिटून पान उघडणे त्यांनाही अवघड नव्हते.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. पतीने 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी आपल्या मनाशी निवाडा केला आणि मग पाऊल उचलले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण त्यांच्या विनोदाला दाद देतो. एक बाई आपला निर्णय दुसऱ्याच्या साक्षात्कारावर सोपवायला तयार नाही, ही त्यातली गोष्ट नजरेआड होते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेतील सभेचे वर्णन आहे. तेथे पुष्कळ वाद झाला, सर्वांचे ऐकून घेतले गेले आणि मग निर्णय पवित्र आत्म्याच्या व सभेच्या अशा दोघांच्याही नावाने लिहून पाठवला गेला. माणसांनी आपली जबाबदारी तेथे देवाच्या अंगावर ढकलली नाही.

म्हणून यापुढे ‘प्रभूने मला दाखवले’ असे कोणी म्हटले, तर कोणते वचन, कोणत्या प्रसंगीचे आणि ते तुम्ही कसे वाचले, हे नम्रपणे विचारावे. आणि ज्या मुलीच्या आयुष्याचा निर्णय होत आहे, तिला प्रभूने काय दाखवले, हेही विचारावे. माझ्या बहिणीला ते कोणीच विचारले नव्हते. मीही नाही.