रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी दुखणे खरे

२२ जुलै हा जागतिक मेंदू दिन. अर्धशिशीच्या रुग्णाला, त्यातही घरातल्या बाईला, डोकेदुखीसोबत अविश्वासही सोसावा लागतो. ‘पित्त झालं असेल’, ‘नेमकं कामाच्या वेळीच कसं दुखतं?’ हे ती ऐकत असते. त्यात एमआरआय ‘नॉर्मल’ आला की तिच्या बोलण्याला किंमतच उरत नाही.

कार्ल लॅश्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला स्वतःला हा त्रास होता. डोळ्यांपुढे पसरत जाणारा आंधळा डाग तो कागदावर रेखाटत असे. त्यावरून १९४१ मध्ये त्याने अनुमान मांडले: दृष्टीच्या केंद्रावरून काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर वेगाने सरकत असावे. पुढे २००१ मध्ये नुशीन हाजीखानी आणि सहकाऱ्यांनी असा अनुभव सुरू असतानाच मेंदूचे चित्रण केले. लाट दिसली, वेग साडेतीन मिलिमीटर! यंत्राने जे साठ वर्षांनी दाखवले, ते रुग्णाने आधीच सांगितले होते. नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. अर्धशिशीच्या झटक्यात बिघडते ते मुख्यतः मेंदूचे काम, म्हणून रिपोर्ट बहुधा स्वच्छ येतो.

काहींच्या रिपोर्टात मात्र पांढरे ठिपके लिहून येतात आणि घर हादरते. नेदरलँड्समधील संशोधकांनी रुग्णांची नऊ वर्षांनी पुन्हा तपासणी केली. २०१२ च्या त्या अहवालात अर्धशिशी असलेल्या ७७ टक्के स्त्रियांमध्ये असे ठिपके वाढलेले आढळले. पण अर्धशिशी नसलेल्या स्त्रियांमध्येही हे प्रमाण ६० टक्के होते. ठिपक्यांमुळे स्मरणशक्ती वा विचारशक्ती घटल्याचे दिसले नाही. ही दिलासा देणारी बाब रुग्णाला कोणीतरी शांतपणे सांगायला हवी. रिपोर्ट हातात देऊन पाठवणे पुरेसे नाही.

अचानक उठलेली असह्य कळ, तापासह मान ताठणे, हातपाय लुळे पडणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, अशा वेळी एक तासही दवडू नये. पण ओळखीच्या अर्धशिशीत, तपासणीत काही वावगे नसेल तर, दरवेळी हजारो रुपयांचे स्कॅन करण्याची गरज नसते. गरज असते ती डॉक्टरांनी सविस्तर विचारपूस करण्याची, झटक्यांची नोंदवही ठेवण्याची आणि योग्य औषध वेळेवर घेण्याची. घरच्यांनी आणि कचेरीतल्या वरिष्ठांनी तिला अंधारी, शांत खोली आणि हक्काची रजा द्यावी. त्यासाठी रिपोर्टाचा पुरावा मागू नये.