पटावरची दहा नावे

कमरीपेठेत आणि जुन्या हुबळीच्या इतर पेठांत मुले तीन-चार भाषांत वाढतात. घरात मराठी वा खत्री, बाजारात कन्नड, शेजारच्या ओट्यावर उर्दू. ऐपत असलेल्यांची मुले इंग्रजी शाळेच्या गाडीत चढतात. उरलेली सरकारी शाळेची वाट धरतात. दहावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांचे रकाने भरतात. पण ज्या सहावी-सातवीत त्या निकालाचा पाया घातला जातो, त्यांची वार्ता कोण घेतो?

धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला मान होता. ती उत्तीर्ण झालेल्याला प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीचे दार उघडे असे. १९५६ साली राज्य बदलले आणि त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकविण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. त्याचे माप १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने आधीच ठरविले होते: शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले.

हे आकडे वाचकांनी नीट ध्यानी घ्यावेत. तीन घरांनी मुले काढून घेतली आणि दहांची सात झाली, की मागे राहिलेल्या सातांच्या, म्हणजे बहुधा गरिबांच्याच, वर्गावर गदा येते. सभेत मातृभाषेचा जयघोष करणारे आणि जूनमध्ये शाळेतून दाखला काढणारे गृहस्थ पुष्कळदा एकच असतात, हे लिहिताना आम्हांला आनंद होत नाही.

परंतु सारा दोष पालकांच्या माथी मारणे हा अन्याय होईल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्गागणिक किमान एक शिक्षक हवा. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना प्रत्येकी एक हवा. ३५ मुलांमागे एक हवा. जेथे एकाच गुरुजींनी दोन वर्ग सांभाळून गणितही शिकवायचे आणि मतदारयाद्याही करायच्या, तेथे मुलगा अपूर्णांकांत अडखळला तर नवल कसले? (कन्नड मुलांना उत्तम आलीच पाहिजे, या शहरात तिच्यावाचून व्यवहार नाही. तिच्याशी आमचे भांडण नाही.)

याच कायद्याच्या नवव्या कलमाने आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे स्थानिक प्राधिकरणावर बंधनकारक केले आहे. ती नोंद प्रभागवार प्रसिद्ध करा, अशी आमची मागणी आहे. पाचवीतून किती मुले निघाली, सातवीपर्यंत किती पोहोचली, गळालेल्यांत मुली किती, हे पालकांना कळू द्या. पट कमी म्हणून एखादी शाळा दुसरीत विलीन करण्याचा विचार असेल, तर हुकूम काढण्यापूर्वी हे आकडे आणि तेथील शिक्षकांच्या रिक्त जागा शाळेच्या दारावर लावा, आणि पेठेतील आईबापांना बोलावून त्यांचे म्हणणे लेखी नोंदवून घ्या.