पहिली मशीन कुणाच्या पैशाची?

चामड्याच्या कामासाठी जुनी शिलाई मशीन कोणती घ्यावी, असा प्रश्न वस्तीतल्या तरुणांकडून आम्हाला वारंवार येतो. चळवळीतले काही मित्र यावर नाक मुरडतात. बाबासाहेबांनी १९२७ च्या महाड परिषदेत मृतमांस सोडायला सांगितले, गावकीची घाणेरडी कामे टाकायला लावली. मग आपणच आपल्या पोरांना पुन्हा चामड्याकडे का ढकलायचे, असा त्यांचा सवाल.

सवाल रास्त आहे. पण मेलेले ढोर ओढणाऱ्याला 'नाही' म्हणायची मुभा नव्हती आणि मजुरी ठरवायचा हक्कही नव्हता. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी बोट ठेवले ते यावरच: जातीत माणूस धंदा निवडत नाही, धंदा त्याच्यावर जन्माने लादला जातो. आज बीए झालेली एखादी मुलगी स्वतःहून बॅगा शिवायचे ठरवते, तेव्हा निवड तिची असते. भाव मात्र तिचा असेलच असे नाही. तो मशीन कुणाच्या पैशाने आली यावर ठरतो.

आग्र्याकडे बघा. तिथल्या जाटव कारागिरांनी बुटांचा धंदा उभा केला आणि बाबासाहेबांची चळवळही डोक्यावर घेतली. कौशल्य त्यांचे, घाम त्यांचा. पण बाजार आणि भांडवल दुसऱ्यांच्या हाती. माल दिल्यावर रोख पैशाऐवजी पुढच्या तारखेची 'पर्ची' हातात पडायची. घरात चूल पेटवायची तर तीच पर्ची कमी पैशात मोडायची. म्हणून आमचे पहिले सांगणे: व्यापाऱ्याच्या उचलीवर मशीन घेऊ नका. उचल फिटेपर्यंत माल त्यालाच द्यावा लागतो, तोही त्याच्याच भावात.

मग स्वतःच्या तुटपुंज्या पैशात जुनी मशीन घ्यायची, तर ती पारखता आली पाहिजे.

आधी काम ठरवा. पाकिटे, पट्टे अशा सपाट कामाला सपाट बेडची मशीन पुरते. बॅगेचे गोल भाग शिवायचे तर सिलिंडर बेड हवी. बुटांच्या वरच्या भागाला खांबासारखी पोस्ट बेड लागते. चप्पल दुरुस्तीच्या दुकानात दिसणारी लांब दांड्याची पॅचिंग मशीन दुरुस्तीला उत्तम, तिचा पाय चहूबाजूंनी फिरतो. पण बॉबिन लहान आणि वेग कमी, त्यामुळे डझनावारी माल तिच्यावर निघत नाही.

दुसरे, मशीन चामडे ओढते कशी ते बघा. घरगुती मशीनमध्ये फक्त खालचे दाते माल सरकवतात. चामडे वरच्या पायाला चिकटते, वरचा थर मागे राहतो आणि टाके लहानमोठे पडतात. वॉकिंग फूट मशीनमध्ये वरचा पायही चालतो. कंपाउंड फीडमध्ये सुईसुद्धा सोबत सरकते. जाड किंवा तीन-चार थरांच्या कामाला कंपाउंड फीडच बघा. 'चामड्यावर पण चालते' म्हणत घरगुती मशीन गळ्यात मारणारे बाजारात पुष्कळ आहेत.

बघायला जाताना आपले चामडे आणि आपला दोरा न्या. विकणारा कापडाच्या दोन पदरांवर चालवून दाखवेल, तेवढ्यावर भुलू नका. मोटर बंद ठेवून हातचाक फिरवा. कुठे अडते का बघा. सुईचा दांडा ढिला नाही ना तपासा. पातळ थरावरून जाड थरावर शिलाई चढवा. टाका सुटत असेल तर सुई, हुकचे टायमिंग किंवा झीज यांपैकी काहीतरी बिघडले आहे. हुकच्या टोकावर ओरखडे असतील तर दोरा तुटत राहील. शिलाई दोन्ही बाजूंनी बघा. क्लच मोटर नवशिक्याच्या हाताला आवरत नाही. सर्वो मोटर हळू चालवता येते आणि वीजही कमी खाते. त्या मॉडेलचे सुटे भाग जवळपास मिळतात का, हे ओळखीच्या मेकॅनिकला विचारा. टेबल आणि मोटर धरूनच किंमत बोला. पावती घ्या, तिच्यावर मशीनचा नंबर आणि तुमचे नाव असू द्या. बाई शिवणार असेल तर पावती बाईच्याच नावाची.

कर्जासाठी चर्मकार समाजाला संत रोहिदास महामंडळ आहे, बौद्धांना महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ. मात्र जुन्या मशीनला कर्ज मिळेल का, हे सौदा करण्याआधी लेखी विचारा.

आता कार्यकर्त्यांना एक प्रश्न. जयंतीच्या डीजेला आपण एका रात्रीत जेवढी वर्गणी उडवतो, तिच्यातून दरवर्षी वस्तीत एक मशीन का येऊ नये? तीन-चार जणांच्या नावे सामाईक घ्या, पाळ्या लावून चालवा, हप्त्याने पैसे परत येऊ द्या आणि त्यातून पुढची मशीन घ्या. सगळ्यांनी चामड्यातच राहावे असे आम्ही म्हणत नाही. ज्याला उद्या सोडायचे त्याने खुशाल सोडावे. जुनी मशीन विकता येते, व्यापाऱ्याची उचल विकता येत नाही. पोरांना धंदा निवडायला आणि सोडायलाही मोकळीक हवी असेल, तर पहिल्या मशीनचे पैसे आपणच उभे केले पाहिजेत. यंदाच्या जयंतीच्या बैठकीत हा विषय मांडा.

जयभीम!