सुरक्षेच्या नावाखाली पहारा कोणावर?

‘देशाच्या सुरक्षेसाठी सरकारने नजर ठेवली तर बिघडले कुठे? ज्याने काही केले नाही त्याने कशाला घाबरायचे?’ हे बोलणे आता गावच्या पारावरही ऐकू येते. आपल्याला ते नवीन नाही. ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणत पूर्वी घरात आपली पत्रे फोडली जात, आता मोबाइल तपासले जातात. पहारेकरी चांगला की वाईट हा प्रश्न दुय्यम आहे. त्याला जाब कोण विचारणार, हा खरा प्रश्न आहे.

13 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी एक समन्वय समिती नेमली. नोंदणी झालेल्या, न झालेल्या, पळून जाऊन केलेल्या लग्नांची माहिती जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा करणे हे तिचे काम. टीका होताच दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द गळला, ‘आंतरधर्मीय’ तसाच राहिला. वसईच्या एका तरुणीची दिल्लीत झालेली हत्या हे त्यामागचे निमित्त. त्या हत्येने आपणही हादरलो होतो. पण जातीत, थाटामाटात लग्न करून सासरी जाळल्या गेलेल्या मुलींसाठी लग्नांची अशी यादी करावी असे कोणाला वाटले नाही. म्हणजे काळजी हिंसेची नव्हती, मुलीच्या निवडीची होती.

मी गिरड परिसरात काम करते. इथल्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्यात सर्व धर्मांच्या बाया नवस फेडायला येतात. देव वाटून घेता येतो, जोडीदार मात्र नाही! विशेष विवाह कायदा, 1954 नुसार लग्नाआधी तीस दिवस नावापत्त्यासह नोटीस कचेरीत लावली जाते. मुली मला पहिला प्रश्न हाच विचारतात, “ताई, ती नोटीस कोण कोण वाचणार?”

काही मैत्रिणी म्हणतील, ‘खाजगी बाब’ म्हणूनच तर पोलीस मारहाणीच्या तक्रारी घेत नव्हते. 1983 साली 498अ आणि 2005 साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा मिळवून आपणच ते दार उघडले. मग आता खाजगीपणाची ढाल कशाला? शंका रास्त आहे. पण आपण उघडले ते कुटुंबाचे दार, आणि तेही आत कोंडलेल्या बाईच्या हाकेवरून. खाजगीपणाचा हक्क कुटुंबाचा नाही, व्यक्तीचा आहे. भिवंडीत एक पोलीस निरीक्षक एका बाईच्या झोपडीत शिरला. तिचे चारित्र्य काढून त्याला वाचवण्याचा प्रयत्न झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली बजावले, की बाई कशीही असो, तिच्या खाजगी आयुष्यात घुसण्याचा अधिकार कोणालाच नाही. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

मुंबईने 26/11 सोसले आहे. घातपात करणाऱ्यांचे फोन ऐकू नयेत असे कोणी म्हणत नाही. पण फोन ऐकण्याचा हुकूम देतात सचिव आणि तो तपासते सचिवांचीच समिती. दोन्ही बाजूंना सरकारच! पेगॅससच्या चौकशीत सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने 29 फोन तपासले, पाचांत घातक प्रणाली सापडली, पण ती पेगॅससच होती असे सिद्ध झाले नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, हे न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये सांगितले.

जुलै 2025 मध्ये आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. ‘बेकायदेशीर कृत्या’ची त्यातली व्याख्या इतकी सैल आहे की दारूच्या दुकानासमोरचे धरणेही तिच्यात ओढता येईल. नागपूरच्या प्राध्यापिका आणि स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या शोमा सेन यांना जून 2018 मध्ये दुसऱ्या एका कडक कायद्याखाली अटक झाली. जामीन मिळायला एप्रिल 2024 उजाडला. सैल शब्दांची किंमत अशी वर्षांत मोजावी लागते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. पाळत ठेवायची तर न्यायाधीशाच्या लेखी परवानगीने, ठरावीक मुदतीसाठी. काम संपल्यावर त्या व्यक्तीला तसे कळवावे. लग्नाच्या नोटिशीची सक्ती जावी. आणि सरकारला बायांच्या सुरक्षेची खरोखर काळजी असेल, तर आमची यादी करण्याऐवजी प्रत्येक तालुक्याला पूर्ण वेळ संरक्षण अधिकारी आणि एक निवारागृह द्यावे. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.